नवीन यंत्र फार पळतं

३ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या कार्यालयाच्या सल्लागार बाई काल येऊन गेल्या. त्या येणार हे तुला आधीच कळवायचं मनात होतं. पण जपानातल्या ज्या कार्यालयाकडून मदतीसाठी आपला जपानीचा वर्ग पाहिला जाणार, तिथेच आपला मावसभाऊ नोकरीला आहे आणि आपण त्याला आधी पत्र लिहायचं, हे काही पटेना. आता पाहणी झाली, म्हणून लिहिते. मी तुझी बहीण आहे हे तू तिथे सांगितलं आहेस ना? नसशील तर आधी सांगून ये, मग पुढचं वाच.

वर्ग तू पाहिला होतास तसाच आहे. लोखंडी सामानाच्या दुकानावरची खोली, चार बाकं, आणि सरांचा टेपरेकॉर्डर. सर गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. त्यांनी यंत्र आणि बारा कॅसेटी माझ्या हवाली करताना एकच अट घातली होती, या यंत्रात दुसरी कॅसेट घालायची नाही. गाणी तर नाहीच नाही. मी ती पाळली आहे. या गावात ही भाषा बोलणारं माणूस यायचं कुठून? त्या बारा कॅसेटींमधले बाई आणि बुवा हेच आमचे गुरू. मुलं त्यांच्यामागून म्हणतात आणि मी मुलांमागून कान लावून बसते.

सध्या नऊजण आहेत. दुकानदाराची सून, बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा, परिचर्येच्या शाळेतल्या चौघी आणि आणखी तिघे. जुलैत त्यांची परीक्षा आहे. बाईंसमोर मी मुद्दाम कॅसेट लावली नाही, म्हटलं मुलांचं मुलांनाच बोलू दे. दोन तास त्या बसून होत्या. माझ्याशी त्या अगदी आमच्यासारख्याच बोलत होत्या, एक शब्द निसटला नाही. जाताना म्हणाल्या, "तुमचा वर्ग फार शांत आहे." सुनेने ते वाक्य सुंदर अक्षरात लिहून कपाटावर चिकटवलं आहे.

सात नंबरची कॅसेट तुटली आहे. नवीन मिळाली तर बरं होईल. पण नियमात बसत असेल तरच.

तुझी,
ताई

ता.क. चार वर्षांपूर्वी तिकडे रुग्णालयात लागलेली आमची परिचारिका तुला कधी भेटते का? सुरुवातीला दोन पत्रं आली, मग थांबली. कामात असेल. अशी हुशार मुलगी मी पुन्हा पाहिली नाही.


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. नमस्कार.

अडतीस वर्षांच्या, चाळिशीचा चष्मा लागलेल्या, दोन मुलांच्या बापाला टिल्लू म्हणणारी तू जगातली शेवटची व्यक्ती आहेस. चालू दे.

तू माझी बहीण आहेस हे मी वरिष्ठांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "मग निर्णय दुसरा घेईल, तुम्ही खोकं भरा." मी खोकं भरलं आहे. एक नवीन यंत्र, सोळा कॅसेटी आणि पुस्तकं. जुन्या यंत्राला सन्मानाने निवृत्त कर, शाल-श्रीफळ मी देतो.

बाईंचा अहवाल वाचला. चांगला आहे. व्याकरण पक्कं, उच्चार स्वच्छ, असं लिहिलं आहे. नवीन कॅसेटी मात्र रोज ऐकव, हे माझं म्हणणं म्हणून ऐक.

परिचारिकेचं शहर इथून रेल्वेने पाच तासांवर. भेट झाली नाही.

तुझा,
टिल्लू (फक्त तुझ्यापुरता)


१६ मार्च

चि. टिल्लू,

अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. पुस्तकं पाहून आजोबांनी हात धुऊन घेतले आणि मगच पानं उलटली.

एक अडचण आहे, आणि फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढायला संकोच वाटतो. नवीन यंत्र बिघडलेलं आहे. फार पळतं. पहिला धडा लावला तर बाई-बुवा मागे कुत्रं लागल्यासारखे बोलत सुटले. आवाजही चिरके. सून म्हणाली, "बाई, यांची गाडी चुकतेय का?" परिचर्येच्या मुलींना इतकं हसू आलं की वर्ग तिथेच संपला. मला वाटतं प्रवासात कुठेतरी आदळलं असावं. तुमच्या कार्यालयाला यात कमीपणा नको, म्हणून परत पाठवत नाही. कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे दिलं आहे, तो वेग कमी करून देईन म्हणाला. शनिवारी मिळेल. तोपर्यंत सरांचं आहेच.

तू मात्र हे कुणाला बोलू नकोस. ज्याने खोकं वाहून आणलं त्या बिचाऱ्यावर ठपका यायला नको.

ताई


२८ मार्च

ती. ताईस,

सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी जागेवरून उठलो आणि कार्यालयाला दोन फेऱ्या मारून आलो. हे पत्र तुझ्या रेडिओवाल्याच्या आधी पोचावं अशी इच्छा आहे, पण शनिवार होऊन गेला असणार. तरीही लिहितो. नवीन यंत्राला हात लावू देऊ नकोस. ते बिघडलेलं नाही. इथे मी तसंच एक लावून पाहिलं, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ऐकवलं. तो म्हणाला, माणसं बोलतात तशी बोलतायत.

आता जे मी तुला फेब्रुवारीत सांगितलं नाही ते. अहवालात व्याकरण आणि उच्चाराचं कौतुक आहे, ते खरंच आहे. त्याच्यापुढे बाईंनी लिहिलं आहे: "संपूर्ण वर्ग एका विलक्षण संथ लयीत बोलतो, जणू सगळे शोकसभेत निवेदन वाचत आहेत. असं का, ते मला कळलं नाही. दुसऱ्या तासाला मी स्वतःही तशीच बोलू लागले होते." तुझ्याशी त्या तुमच्यासारख्या बोलत होत्या, त्याचं कारण हे.

मला वाटलं तुझा स्वभावच संथ, तो वर्गात उतरला असेल. नवीन कॅसेटी ऐकून आपोआप सुधारेल, तुला दुखवायला नको. सरांच्या यंत्राचा विचार मला शिवलासुद्धा नाही. परवा तुझं पत्र वाचेपर्यंत.

रागाव. पण उत्तर लिही.

टिल्लू


३० मार्च

चि. टिल्लू,

शनिवारी रेडिओवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला, "बाई, या नव्यात काही नाही. जुनं घेऊन या, शेजारी ठेवून बघू." मी जुनं घेऊन गेले. मी पिशवीतून कॅसेट काढते आहे तोवर त्याने आपली गाण्याची कॅसेट सरांच्या यंत्रात घालून बटण दाबलंसुद्धा. मी नको म्हणायच्या आत गाणं सुरू झालं.

टिल्लू, ती गाणारी बाई नव्हती. तिचा सर्दी झालेला थोरला भाऊ असावा तसा आवाज. रेडिओवाला हसत सुटला. मग माझा चेहरा पाहून थांबला आणि मला स्टूल दिलं. झाकण उघडून त्याने आतला रबरी पट्टा बोटाने ओढून दाखवला. "सैल झालाय. आजचा नाही, पंधरा-वीस वर्षं झाली असतील. यात एखादं गाणं लावलं असतंत तर पहिल्या दिवशी कळलं असतं."

घरी येऊन रोजनिशा काढल्या. तुला माहीत आहे, मी प्रत्येक तासाची नोंद ठेवते. एकोणीस वर्षांपूर्वीच्या पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात आहे: कॅसेट एक, पहिली बाजू, पस्तीस मिनिटं. कॅसेटीवर छापलं आहे तीस. तेव्हा मी काय विचार केला तेही लिहून ठेवलं आहे: 'कंपनी प्रामाणिक दिसते, पाच मिनिटं जास्त देते.' एकोणीस वर्षं मी त्या पस्तीस मिनिटांवर तास आखले. उच्च परीक्षेत मला ऐकण्याचे गुण काठावर मिळाले होते, तेव्हा मी हॉलमधल्या कर्ण्याला दोष दिला होता.

वर्ग बंद ठेवला आहे. मुलांना सांगितलं, माझी तब्येत बरी नाही. हे खोटं आहे.

ताई


१२ एप्रिल

ती. ताईस,

सा. नमस्कार.

तुझं आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं. बरं झालं, तुला ते माझ्याआधी रेडिओवाल्याने सांगितलं. त्याने निदान स्टूल दिलं.

ताई, हे बघ. तू कुणाचं नुकसान केलेलं नाहीस. संथ का होईना, त्यांना भाषा आली. तुझे तिघे विद्यार्थी इकडे पोटाला लागले. आमच्याकडे अशी प्रकरणं पाहिली आहेत की पुस्तकाची निम्मी पानं उलटी शिवलेली आणि वर्ग दहा वर्षं तसाच चालू.

वर्ग उघड. नवीन यंत्र लाव. हळूहळू कान बसतील. जुन्या विद्यार्थ्यांना यातलं काही कळवायच्या भानगडीत पडू नकोस. तू पडणार, म्हणून आधीच लिहितो. ते आपापल्या जागी स्थिरावले आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. परिचारिका चार वर्षं नोकरीत टिकली याचा अर्थ तिचं चाललंय.

बायको म्हणते, ताईंना सांग, स्वयंपाक नीट करून जेवा.

टिल्लू


२४ एप्रिल

चि. टिल्लू,

अनेक आशीर्वाद.

'रागावले नाही' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. रागावले आहे. पाच आठवडे तुझ्याकडे अहवालातलं ते वाक्य होतं आणि तू मला यंत्र पाठवलंस. पण हेही खरं की मीच तुझ्या जागी असते तर शब्द शोधण्यातच महिना घालवला असता. तेव्हा राग निम्मा.

मुठीचं म्हणतोस. मूठ माझी असेल, पण तिच्यात माझं काय आहे? त्यांचंच आहे.

गेले तीन आठवडे मी स्वतःला विचारते आहे की त्यांना सांगायचं ते त्यांच्यासाठी की माझ्या मनाला स्वस्थता यावी म्हणून. मला खात्रीने उत्तर देता येत नाही. दुसरं असेल तर तो स्वार्थ. उगाच कुणाच्या डोक्यात जुना कचरा का टाकायचा? मग परिचारिकेची दोन पत्रं काढून पुन्हा वाचली. दुसऱ्यात एक ओळ आहे, तेव्हा मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं: 'इथे सगळे खूप भरभर असतात, मीच कमी पडते.' 'असतात' लिहिलं आहे, 'बोलतात' नाही. मी समजले, कामात भरभर. उत्तरात मी तिला वेळेचं नियोजन कसं करावं ते दोन पानं लिहिलं. त्यानंतर तिचं पत्र नाही.

तिला मीच शिफारसपत्र दिलं होतं. सबंध गावाला सांगत होते की ही माझी सर्वांत हुशार मुलगी.

म्हणून तिकडच्या तिघांना लिहिलं. काल टाकली पत्रं. यंत्राचं, पट्ट्याचं, पस्तीस मिनिटांचं, सगळं. माफी एकदाच मागितली, चारदा मागितली असती तर त्यांनाच माझी समजूत काढायला लावल्यासारखं झालं असतं. त्यांची उत्तरं आल्यावर ठरवेन, वर्ग पुढे चालवायचा की नाही. जिचं शिकवणं एखाद्याला महाग पडलं तिने पुन्हा खडू हातात घ्यावा का, हे मला एकटीला ठरवता येणार नाही.

मुलांना मात्र खरं सांगितलं. आजोबा म्हणाले, "बाई, जुलैत परीक्षा आहे, काय ते लवकर ठरवा." सुनेने कपाटावरचा आपला कागद स्वतःच काढला.

ताई


२० मे

ती. ताईस,

सा. नमस्कार.

तुझं पत्र नाही. दोनदा फोन केला, दुकानदार म्हणाला वरची खोली बंद आहे, बाई वाचनालयात असतात. आता मला तुझी भीती वाटते. लहानपणी मी तुझी पाटी फोडली तेव्हाही तू अशीच गप्प होतीस, आणि मग मावशीला सांगितलंस की पाटी आधीच तडकलेली होती.

अहवालाची पूर्ण प्रत सोबत जोडली आहे. वरिष्ठांना विचारून. शेवटचा परिच्छेद मी तुला सांगितला नव्हता, तो वाच. बाईंनी लिहिलं आहे, या वर्गाला माणूस पाठवा, यांना पाया आहे. उन्हाळ्यानंतर दोन महिन्यांसाठी एक शिक्षिका येऊ शकते. निर्णय दुसऱ्याने घेतला आहे, मी फक्त टपालात टाकतोय. पण वर्गच बंद असेल तर ती येऊन लोखंडी सामान विकत घेणार का?

दोन ओळी तरी लिही.

टिल्लू


११ जून

चि. टिल्लू,

अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. उत्तरांची वाट पाहत होते. काही न कळता तुला लिहायचं तर काय लिहायचं होतं?

पाटी आधीच तडकलेली होती, हे खरंच होतं. पण ते असो.

कारखान्यातल्या मुलाचं उत्तर आलेलं नाही. येणारही नाही कदाचित, तो त्याचा हक्क. विद्यापीठातल्याने कार्ड पाठवलं, की त्याने पहिल्या वर्षी इतकी बेसबॉलची समालोचनं ऐकली होती की त्याला कुठल्याच वेगाचं काही वाटलं नाही. तो पहिल्यापासून असाच.

परिचारिकेचं पत्र परवा आलं. सहा पानं. सगळं तुला सांगणं बरोबर नाही, पण एवढं सांगायची परवानगी तिने दिली आहे.

पहिले आठ महिने तिला वॉर्डात वाक्याची फक्त शेपटी ऐकू यायची. ती समोरच्याला पुन्हा विचारायची. मग विचारायची लाज वाटू लागली, म्हणून सगळं कागदावर लिहून घ्यायला लागली. मुख्य परिचारिका एकदा दुसरीला म्हणाली, मुलगी कष्टाळू आहे, पण डोकं जरा मंद आहे. ते वाक्य मात्र तिला पहिल्या फटक्यात समजलं. आणि तिला ते पटलं. मला पत्र लिहायचं तिने थांबवलं ते त्यामुळे. मी गावभर तिला हुशार म्हणत होते, आणि तिला वाटलं आता बाईंना कुणीतरी खरं सांगेल. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कान बसले. आज तिला काही अडत नाही. पण आपण मंद आहोत हे मनातून गेलं नव्हतं. बढतीचा अर्ज दोन वर्षं तिने त्यामुळेच भरला नाही.

पुढचं तिच्या शब्दांत उतरवते.

'बाई, तुमचं पत्र मी चादरींच्या खोलीत उभ्याने वाचलं. पस्तीस मिनिटांपर्यंत आले आणि खालीच बसले. मला रडू आलं असेल असं तुम्हाला वाटेल, पण मी हसत होते, इतकी की बरोबरची धावत आली. चार वर्षं मी माझं डोकं दुरुस्त करत होते आणि बिघाड रबराच्या पट्ट्यात होता. संध्याकाळी मात्र तुमचा राग आला. एक दिवस टिकला, तो लपवत नाही. निदान त्या नियोजनाच्या दोन पानांसाठी तरी यायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं हलकं वाटलं. तुम्ही हे सांगितलं नसतंत तर मी साठाव्या वर्षीही स्वतःला मंदच म्हणत असते. वर्ग बंद केलात असं लिहिता. मग माझ्यानंतरच्या मुलींनी कुठे जायचं? यंत्र बदललंत ना, मग उघडा.'

तिने पाठवलेला बढतीचा अर्जही पाहिला. म्हणजे प्रत. खाली सही आहे, तारीख माझं पत्र पोचल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची.

टिल्लू, हे वाचून मी किती वेळ तशीच बसले होते ते रोजनिशीत लिहिलेलं नाही. मी केलेलं नुकसान खरं होतं. तू नाही म्हणालास, पण होतं. आठ महिने तिचे गेले, आणि वर दोन वर्षं. ते मी भरून देऊ शकत नाही. तरी मला इतकं मोकळं वाटतंय की त्याचीच थोडी लाज वाटते. चालायचं.

मंगळवारी वर्ग उघडला. नऊच्या नऊ आले. नवीन यंत्र लावलं. बाई-बुवा सुसाट सुटले. पहिल्या धड्यात माझ्या हाती निम्मं लागलं. सून म्हणाली, "बाई, तुम्हाला किती कळलं?"

"निम्मं."

"आम्हाला पाव." मग वही मिटून, "म्हणजे तुम्ही काही फार पुढे नाही."

"नाही," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून त्यांच्यात बाकापाशी बसले. आजोबांनी न सांगता कॅसेट मागे घेतली. चौथ्या खेपेला परिचर्येच्या दोन मुलींनी माझ्याआधी वाक्य पकडलं. आजोबा जुलैच्या परीक्षेला बसणार नाहीत, डिसेंबरच्या परीक्षेला बसतील. बाकीचे बसतात. दोघे-तिघे ऐकण्यात नापास होतील. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं आहे की ते गुण कुणाच्या डोक्याचे नाहीत.

तुमची शिक्षिका येऊ दे. वरिष्ठांना माझे आभार सांग, आणि खोकं भरणाऱ्यालाही.

परिचारिकेला उत्तर लिहायला बसले तेव्हा मात्र अडले. तीन कागद फुकट गेले. माफीचं लिहिलं तर पुन्हा तेच, आनंदाचं लिहिलं तर स्वतःचंच. शेवटी एकच ओळ ठेवली आणि पाकीट बंद केलं: 'मी गावभर सांगत होते ते खरं होतं.'

तुझी,
ताई